अक्काचा भोंगा

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो भोंग्यानं. कुंडलिकेच्या पलीकडं, नवीन जालन्यात, कापसाचं एक जिनिंग होतं. हंगामात त्याचा भोंगा सकाळी बराबर साडेसहाला वाजायचा. आम्ही राहायचो अलीकडं, मस्तगडाला, पण त्या भोंग्याला नदी-बिदीची फिकीर नव्हती. तो वाजला की माझी मोठी बहीण, अक्का, चूल पेटवायची, वडील, म्हणजे आमचे नाना, आंघोळीला उठायचे आणि मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. मी तान्ही असताना फार मोठ्यानं रडायची म्हणे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई सांगायची, "आमची बारकी रडली की जिनिंगचे गडी भाकरी बांधून कामाला निघत." ही थट्टा मी स्वतःला पोरं होईपर्यंत ऐकली.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. एका सकाळी मला एकदम दचकून जाग आली. कशानं आली ते कळेना. पडल्या पडल्या कान दिला, तर सगळं चिडीचूप. मग लक्षात आलं की काही वाजलं म्हणून नाही, काही वाजलं नाही म्हणून मी जागी झाले होते. वडील अंथरुणात उठून बसले होते. शेजारचे काका बनियनवरच दारात येऊन विचारत होते, "गुरुजी, आज भोंगा झाला न्हाई का?" अर्धी गल्ली बाहेर आली होती. जिनिंगचा बॉयलर बिघडल्याचं दुपारी कळलं.

मी आत गेले तर अक्का चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ करत होती.

"आज भोंग्याबिगर कशी उठलीस गं?" मी विचारलं.

ती फुंकतच राहिली. राख उडाली म्हणून तिनं तोंड वळवलं, तेव्हा मी दिसले. "उठलीस का? भोंगा झाला की आत्ताच," ती म्हणाली. "जा, नानांना पाणी काढ. जल्दी."

मला वाटलं, थट्टा करते. पण अक्काला थट्टा जमायची नाही, तो माझा प्रांत. मी तिच्या मागं गेले आणि पितळेचा तांब्या हातभर उंचीवरून फरशीवर टाकला. बाहेरून नाना ओरडले, "काय फोडलं?" आई धावत आली. अक्का लाकडं सारत होती. तिची मानही हलली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी तिला मुदतीचा ताप आला होता. निजामी संपून तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि नाना सारी जिंदगी उर्दूत शिकवून आता मराठी शाळेत बाराखडी गिरवून घेत होते. अक्का तेव्हा चौदाची. एकवीस दिवस ती अंथरुणाला खिळून होती. उठली तेव्हा डोक्यावर केस राहिला नव्हता. मग घरादाराचं लक्ष त्या केसांकडं लागलं. आई रोज तेल चोळायची आणि बोटानं मोजायची. सहा महिन्यांनी केस कानाखाली आले तेव्हा आईनं देवीची ओटी भरली आणि अक्का बरी झाली असं जाहीर करून टाकलं. केसांखालचे कान कुणी पाहिले नाहीत.

तांब्याचा प्रकार झाला त्या दुपारी मी तिला परसात धरलं. समोर उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुला ऐकू येत न्हाई?" ती आधी हसली. मग तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी वाढली.

"येतं," ती म्हणाली. "जे ठाऊक हाय ते येतं."

मला तेव्हा काडीचं कळलं नाही. ती सांगत गेली. जातं फिरताना दिसलं की घरघर ऐकू येते. आईनं तव्याकडं बोट केलं की 'उलथ गं, करपून राह्यली' हे आईच्याच आवाजात ऐकू येतं. भोंगा तर रोज येतो, पोटात हलतो आधी, मग कानात. "पन कुनी नवं काही बोललं का," ती म्हणाली, "निस्ती तोंडं हलतेत."

आणि आमच्या घरात नवं बोलायचं कोण! आमचं घर म्हणजे शाळेचं वेळापत्रक. सकाळी "पाणी काढलं का," दहाला "टोपी कुठं हाय," संध्याकाळी "दिवा लावा," जेवताना "मीठ." वर्षभर अक्का या चार वाक्यांवर सहज तरून गेली होती. बहिरी मुलगी घरात वावरते हे आम्हाला कळलं नाही, यात तिची हुशारी जेवढी, तेवढाच आमचा कंटाळवाणेपणा.

तिनं मला शपथ घातली. आईला सांगायचं नाही, नानांना तर बिलकुल नाही. सांगितलं तर लग्न होणार नाही, आणि लग्न झालं नाही तर काय होतं हे आम्ही समोरच्या घरातल्या आत्याबाईंकडं रोज बघत होतो. मी शपथ घेतली. त्या दिवसापासून मी तिचे कान झाले, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता. आईला ठाऊक होतं की नव्हतं हे मला आजही सांगता येणार नाही. एवढं खरं, की अक्काशी बोलायचं असलं की आई हातातलं काम टाकून तिच्या तोंडासमोर येऊन उभी राहायची.

ती सतराची झाली तशी स्थळं यायला लागली. वडीगोद्रीचं एक चांगलं होतं. मुलगा एकुलता, बाप नाही, आई आणि थोडी शेती. बघायला यायचा दिवस ठरला आणि अक्काच्या तोंडचं पाणी पळालं.

मी म्हटलं, भिऊ नको. गल्लीत कुणाला बघायला पाहुणे आले की मी खिडकीत हजर असायची, आणि प्रश्न सगळीकडं तेच, छापून आणल्यासारखे. नाव काय? किती शिकली? घरात सैपाक कोण करतं? पुरणाच्या पोळ्या येतात का? मग सुईत दोरा ओवायचा, पुस्तकातल्या चार ओळी वाचायच्या, दारापर्यंत चालून दाखवायचं. आणि सरतेशेवटी कुणीतरी मोठ्या मनानं विचारतं, "तुला काही इचारायचं हाय का पोरी?" हा प्रश्न नुसता विचारायचा असतो. त्यावर मान खाली घालून "न्हाई" म्हणायचं असतं.

आठ दिवस परसात तालीम चालली. मी डोक्याला नानांचा पंचा गुंडाळून नवरदेवाचा मामा व्हायची आणि गुरगुरत प्रश्न टाकायची. खूण अशी ठरली, की मी पाहुण्यांच्या पाठीमागं बसायचं आणि प्रश्न संपला की वेणी खांद्यावरून पुढं घ्यायची. वेणी पुढं आली की अक्कानं पुढचं उत्तर द्यायचं. हसून हसून आमची पोटं दुखली. अक्काबरोबर मी इतकी कधीच हसले नव्हते.

खरा मामा आला तो माझ्या मामापेक्षा भारी निघाला. मिशा अशा, की ओठ असतील यावर विश्वास ठेवावा लागे. अक्कानं त्या मिशांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मी वेणी घट्ट धरली. पण गड्यानं प्रश्न मात्र बराबर क्रमानं विचारले. वेणी पुढं, उत्तर. वेणी मागं, वेणी पुढं, उत्तर. दोरा पहिल्या झटक्यात ओवला. वाचन खणखणीत झालं. नानांचा चेहरा फुलला. मुलगा पूर्ण वेळ आपल्या नखांकडं बघत होता.

शेवटचा प्रश्न तेवढा राहिला होता. मामानं घसा खाकरला, तेवढ्यात भिंतीशी आईजवळ बसलेली मुलाची आई बोलली. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. विधवा बाई, परक्या पुरुषांसमोर पदर ओठांवर धरलेला, तसाच धरून ती म्हणाली, "मी एक इचारते. पोरी, तुला आमचा पोरगा पसंद हाय का? मनापासून सांग. कुनाला भिऊ नको."

असं कुणी विचारत नसे. आमच्या गल्लीत, आमच्या जातीत, माझ्या उभ्या ऐकण्यात नाही. मी बघतच राहिले. आणि प्रश्न संपला होता म्हणून आठ दिवसांच्या सवयीनं माझा हात वेणीकडं गेला.

अक्कानं मान खाली घातली. "न्हाई," ती म्हणाली. स्पष्ट, गोड.

नानांच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. मुलानं नखं सोडून पहिल्यांदा वर पाहिलं. अक्का खाली मान घालून बसली होती, सगळं पार पडलं म्हणून ओठांच्या कोपऱ्यात जराशी खूष.

मी अकरा वर्षांची. मला एकच दिसत होतं, की तालीम वाया चालली. मी मागून ओरडले, "लाजली! ती लाजली का उलटंच बोलती!"

आधी मामा हसला. मग सगळेच. "म्हंजे हो!" मामा म्हणाला, "साखर आणा." साखर आली. मुलाची आई तेवढी हसली नाही. ती अक्काकडं बघत होती. पण ताट पुढं आलं तेव्हा तिनंही चिमूटभर उचलली.

आता माझेच कान गेलेत. गेल्या वर्षी कानात मशीन बसवताना डॉक्टर म्हणाला, "आजी, कान नुसते आवाज आत नेतात. ऐकतो मेंदू, आणि तो काही आवाज यायची वाट बघत बसत नाही. पुढं काय येणार ते आधीच मांडून ठेवतो आणि आलेलं त्याच्याशी ताडून बघतो." त्याला वाटलं, म्हातारीला काय कळणार. मी मनात म्हटलं, बाबा, हे मला बहिणीनं परसात सांगितलंय. आणि त्या दिवशी त्या खोलीत सहा माणसं चांगल्या कानांची होती. सहाही जणांनी 'न्हाई' ऐकलं आणि आधी मांडून ठेवलेलं 'हो' उचललं. एकट्या अक्काला बहिरी म्हणायचं मला आजही जड जातं.

लग्न झालं. सासरी पहिलं वर्ष तिनं कसं काढलं ते तीच जाणे. सासू सवयीनं घरातही पदर तोंडावर धरूनच बोलायची, आल्या-गेल्या बायकाही तशाच, म्हणजे ओठ कुणाचेच दिसायचे नाहीत. लोक तिला भोळी म्हणायला लागले. दाजी दिवसभर शेतावर, बोलायचे कमी. सांगितलेलं एक आणि केलेलं दुसरं, असं होत गेलं, आणि सासू ते पोटात घालत गेली.

बाळंतपणाला ती आमच्याकडं आली. मुलगी झाली. ती पोर बारीक आवाजात रडायची, मधेच थांबून, शेळीच्या पिलासारखी. तिनं ओठ काढला की मी जिथं असेन तिथून धावत सुटायची आणि अक्काच्या खांद्यावर थाप मारायची. अक्का लेकराच्या छातीवर तळवा ठेवून ते रडणं हातानं बघायची. चौथ्या महिन्यात न्यायला आले तेव्हा तिनं नानांना विचारलं, "बारकीला नेऊ का संगं थोडे दिवस?" नाना म्हणाले, परीक्षा तोंडावर आली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. शपथ मोडायची ती वेळ होती आणि मी शहाण्यासारखी गप्प बसले.

दोन महिन्यांनी सासू तिला घेऊन परत आली. एक ट्रंक, अक्का, आणि अक्काचे रिकामे हात. सासू उंबऱ्यातच बसली. पाणीसुद्धा घेईना.

"पोरगी पाळण्यातून अर्धी खाली लोंबत व्हती, गुरुजी," ती नानांना म्हणाली. "रडून रडून निळी पडल्ती. मला मळ्याच्या वाटंवर ऐकू आलं. आन् ही दोन हातावर पाठमोरी बसून ज्वारी निवडून राह्यल्ती, गानं म्हनत." तिचा आवाज फाटला. "म्या तिच्या कानाशी जाऊन थाळी वाजवली. तवा कळलं."

अक्काला ऐकू येत नाही, हे नानांना आत्ता पहिल्यांदा कळत होतं.

"मला तिचा राग न्हाई," सासू म्हणाली. "माझा मला हाय. म्या तिला इचारलं व्हतं. ती न्हाई म्हनली व्हती. सगळे हसले आन् म्या बी साखर खाल्ली." मग ती उठली. "लेकरू मी ठिवून घेते. त्याच्या जिवाशी न्हाई खेळायचं मला."

अक्का दाराला धरून उभी होती. सासूच्या पदराकडं बघून तिला काहीच उमगत नव्हतं. ती गेल्यावर अक्का माझ्याकडं वळली. "काय म्हनल्या? पोरीला कधी आनतेत?"

"थोडी मोठी झाली का आणून सोडतो म्हणल्या," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. माझं ती नेहमीच खरं मानायची.

त्यानंतर नाना बदलले. हा वेळापत्रकाचा माणूस रोज संध्याकाळी पाटी घेऊन तिच्यापुढं बसायचा आणि दिवसभरात गावात जे जे नवं झालं ते तिला लिहून दाखवायचा. पाच वर्षं आधी लिहायला पाहिजे होतं, असं एकदा आईला म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

दुपारचं ऊन उंबऱ्यावर आलं की अक्काची चोळी ओली व्हायची. ती पोरीची प्यायची वेळ. त्या वेळेला ती एकदा मला म्हणाली, "बारके, एक सांग. तिचं रडनं कसं हाय गं? जातं, भोंगा, आईचा आवाज, सगळं माझ्याजवळ हाय, तापाच्या आधीचं. हिचंच तेवढं न्हाई. मी लई कान देऊन बघते, काहीच येत न्हाई." मग घाबरून विचारलं, "जोरात रडती ना? का लई बारीक हाय आवाज?"

बारीक आवाजाचं लेकरू म्हणजे अशक्त लेकरू, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. ती ते विचारत होती.

"जोरात म्हणजे?" मी म्हटलं. "अगदी माझ्यासारखी! भोंगा!"

अक्का हसली. सासरहून आल्यावर पहिल्यांदा हसली. "मंग तर अख्ख्या वडीगोद्रीला ऐकू जात असंल," म्हणाली. तिनं डोळे मिटले आणि कान दिला. माझं रडणं तिच्याजवळ होतं, स्वतः सहा वर्षांची असताना तिनंच मला कडेवर वागवलं होतं. बघता बघता तिचा चेहरा उजळला. "हां," ती म्हणाली. "हां, आलं."

दुसऱ्या दिवशी ऊन उंबऱ्यावर आलं तशी ती हातातलं टाकून उठली. "रडली बघ," म्हणाली आणि माजघरात जिथं पाळणा टांगलेला असायचा तिथवर गेली. थोडं थांबून परत आली. "निजली," म्हणाली. मग हे रोजचं झालं. दूध आटलं, पण रडणं आटलं नाही. आईला ते बघवायचं नाही, ती त्या वेळी मुद्दाम विहिरीवर जायची. मला वाटायचं, असू दे, तेवढं तरी आहे तिला.

पोर पाच वर्षांची झाली तेव्हा दाजींनी तिला एक दिवस आणलं. त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. पोरीला नवी आई होती आणि ती तिला चांगलं वागवत होती, हे पोरीच्या फ्रॉकवरून दिसत होतं. अक्काला ती 'मावशी' म्हणाली. अक्काला ते ओठांवर दिसलं. तिनं पोरीला गूळ-शेंगदाणे दिले, वेणी घालून दिली, आणि समोर बसून नुसती बघत राहिली. पोरगी माझ्या शेजारी सागरगोटे खेळत होती.

ऊन उंबऱ्यावर आलं. अक्का लगबगीनं उठली. "रडली बघ," म्हणत माजघराकडं निघाली. दोन पावलांवर थांबली. वळली. पोरगी तोंड मिटून सागरगोटे झेलत होती. अक्का खाली बसली, तिच्या डोळ्यांच्या कडांना बोट लावून पाहिलं, मग गळ्याला. पोरगी घाबरून मला चिकटली.

"ही तर न्हाई रडून राह्यली," अक्का म्हणाली. आवाज अजून तिच्या कानात चालू होता, तिच्या कपाळावरून मला तो दिसत होता. "मंग कोन रडतंय, बारके? रोज कोन रडतंय?"

इतक्या वर्षांत या रडण्याचं मी तिला एकदाही खरं सांगितलं नव्हतं. मी तिच्या तोंडासमोर गेले आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "मी, अक्का. ते माझं हाय. हिचं तसं नव्हतं. मी खोटं बोलले."

तिनं माझे ओठ थांबेपर्यंत पाहिले. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. तिनं पदरानं माझे डोळे पुसले आणि लहानपणी कडेवर घेऊन म्हणायची तसं म्हणाली, "गप. गप गं बारके."

त्या दिवसानंतर ऊन उंबऱ्यावर येऊन निघून जायचं, अक्का उठायची नाही. सकाळचा भोंगा तेवढा तिला अजून ऐकू यायचा.